काडेचिराईत, थंडगार

पुलांचं काम असतं माझं.
हातोडीनं लोखंड ठोकायचं, कान द्यायचा,
बद्द वाजलं की खडूनं खूण करायची.
एका राज्यातून दुसऱ्यात, भाड्याच्या गाडीत,
मागच्या सीटवर दोर, हेल्मेट, चिखलाचे बूट
आणि वळणावळणाला रिकाम्या बाटल्यांची किणकिण.

कारण कोक सगळीकडे मिळतो,
आणि जे सगळीकडे मिळतं
ते माझ्या मते कुठलंच नसतं.
म्हणून पेट्रोल भरता भरता विचारतो,
इथलं असं काय आहे प्यायला?
केंटकीत एका पोरानं हिरवी बाटली पुढे केली,
आलं होतं त्यात, नाकातून झिणझिण्या,
म्हणाला, ताईच्या लग्नातसुद्धा हेच होतं.
कॅरोलायनात चेरीचं, काळपट लाल,
इतकं गोड की वाटलं दातांनाच मुंग्या लागतील.
विस्कॉन्सिनात काय प्यायलो ते आठवत नाही.
पूल आठवतो. त्याचा तिसरा खांब.

मग मेन.
अँड्रॉस्कॉगिन नदी, ऑक्टोबर,
बंद पडलेली कापडगिरणी, पाण्यात तिची उलटी चिमणी.
लुसियेन थिबोडो बाईंच्या दुकानात
गळ, जिवंत गांडुळं, लॉटरीची तिकिटं,
आणि एकाच फ्रिजमध्ये गांडुळांच्या वरच्या फळीवर
नारिंगी लेबलाची मॉक्सी.
"पहिल्यांदा आवडत नाही," बाई म्हणाल्या,
"दुसऱ्यांदाही नाही."
आणि गल्ल्यामागे हाताची घडी घालून बघत राहिल्या,
नवा जावई पहिला घास घेताना बघावं तशा.

आधी गोड. फसवं.
मग जिभेच्या मुळाशी
कुणीतरी न ठोठावता आत आलं.

मी सात वर्षांचा. मिरज. हिवताप.
बाबा काष्ठौषधींच्या दुकानात पुड्या बांधायचे,
मालकाला सांगून मूठभर काड्या आणायचे घरी,
रात्री भिजत घालायचे, सकाळी फडक्यानं गाळायचे,
आणि पेला उपडा करून दाखवल्याशिवाय
गुळाचा खडा मुठीतून सुटायचा नाही त्यांच्या.

बाटली फिरवून लेबल वाचलं.
जेन्शियनचं मूळ.
मोटेलात शोधलं तर एकाच कुळातली निघाली दोघं,
ती तिकडची, आपली इकडची,
लांबच्या चुलत बहिणींसारखी, तोंडं मात्र सारखीच कडू.

रात्री नऊला फोन लावला. मिरजेत साडेसहा.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवून बाटली निरखली.
"ताप आहे का तुला?"
"नाही."
"पोट बिघडलंय?"
"नाही हो. इथे लोक हौसेनं पितात."
"हौसेनं?"
चेहरा स्क्रीनवर तसाच थांबला,
रेंज गेली की ते विचारात पडले, कळेना.
बऱ्याच वेळानं आवाज आला,
"आणि गूळ?"
"आतच विरघळवलाय. वर बुडबुडे सोडलेत."
"अरे," ते म्हणाले, "एवढी अक्कल
तेव्हा मला असती तर."
मग थोडं थांबून,
"तू फार रडायचास रे."
मला तर फक्त कडू आठवत होतं,
रडलेलं नाही.

सकाळी परत त्या दुकानात.
बाईंनी न विचारता बाटली गल्ल्यापाशी ठेवली.
"आवडली?"
"नाही."
"बरोबर," म्हणाल्या, आणि सुटे मोजून दिले.

दुपारी पुलाखाली दोराला लटकून
एका हातात हातोडी, एका हातात मॉक्सी.
खाली नदी गार, गढूळ, स्वतःच्या कामात.
एक घोट. एक ठोका.
लोखंड खणखणीत वाजलं.
अजून एक घोट.
तोंड वाकडं झालं, ते बघायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या बाटलीबद्दल
बाई काहीच बोलल्या नव्हत्या.